कळवतो

सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी नळाला पाणी आलं. दामिनीने पिंप भरलं, दोन हंडे भरले, अंगणात सडा टाकला. वडील सूर्यभान गोदामाच्या राखणदारीवर निघाले, तेव्हा तिने त्यांच्या डब्यात पोळी आणि कालचं पिठलं घातलं. साडेसातला चहा. आठला आई कौशल्याबाई गोधड्या घेऊन गच्चीवर गेली. यंदा दिवाळीनंतरही पाऊस उघडला नव्हता आणि आज कुठे ऊन पडलं होतं. नऊ वाजता दामिनी कपाटाशेजारच्या टेबलाशी बसली आणि तिने लॅपटॉप उघडला.

अमरावतीतल्या एका वधू-वर सूचक मंडळाचं काम ती घरूनच करत असे. मंडळाचे उत्तमरावकाका हाताने भरलेले फॉर्म पाठवायचे; ती ते वेबसाइटवर चढवायची. मग तीच फोन करून दोन्हीकडचे निरोप विचारायची आणि प्रत्येक नावासमोर लिहायची. चार वर्षांत तिने हजारभर मुलींच्या अपेक्षा टाइप केल्या असतील. शंभरातल्या नव्वद मुलींची अपेक्षा एकाच वाक्यात मावत असे — नोकरीवाला पाहिजे, शेतीही असावी, पण शेतकरी नको.

त्या दिवशी मात्र पान उघडेना. राउटरवर एक दिवा लाल पेटला होता, आणि त्याखाली इंग्रजीत तीन अक्षरं होती.

"दामिनी, काय लिहेल हाय वो त्याच्यावर?" आई खाली येऊन वाकून बघत म्हणाली.

"एल, ओ, एस. लॉस."

"घ्या! इथंबी लॉस आला का? मले वाटलं, तो गावाकडच्या शेतीतच राहून गेला."

तक्रार नोंदवली, आणि अकराच्या सुमारास दारात नेट कंपनीचा एक तरुण उभा राहिला. पाठीवर सॅक, पँट गुडघ्यापर्यंत चिखलाने शिंतडलेली. चप्पल बाहेर काढताना त्याने ती नीट जोडून ठेवली, हे दामिनीच्या उगाचच लक्षात राहिलं.

"लॉस तुमच्याकडंच हाय ना?"

"सगळ्या जिल्ह्यात हाय," कौशल्याबाई म्हणाली. "पण दिवा आमच्याकडंच पेटला."

तो मोकळं हसला. "काकू, आमच्या वावरात तं हा दिवा बारोमास पेटेल राह्यते."

त्याने राउटर बंद करून चालू केला. मागची पिवळी बारीक वायर काढली, तिचं टोक कापसाने पुसलं, एका छोट्या यंत्राला लावलं आणि आकड्याकडे पाहून मान हलवली.

"राउटर चांगला हाय. उजेडच येत नाही आहे. गच्ची दाखवता का?"

गच्चीवर पाऊल टाकताच त्याला बिघाड सापडला. कौशल्याबाईने खांबावरून घरात आलेल्या काळ्या तारेवर तीन ओल्या गोधड्या वाळत घातल्या होत्या.

"ही दोरी नोहे काय?" दामिनी ओशाळली.

"ह्याच्या आत काच हाय. केसाएवढी." त्याने गोधड्या एकेक करून उचलल्या, घडी घालून तिच्या हातावर ठेवल्या. "काचेतून उजेड जाते. काच जास्त वाकवली का उजेड तिथंच सांडून जाते... पुढं पोचतच नाही."

"मंग सांडलेला उजेड दिसत काहून नाही?"

"डोयाले दिसत नाही तो." त्याने खिशातलं यंत्र दाखवलं. "बऱ्याच गोष्टी दिसत नाहीत — पण यंत्रात आकडा येते."

"तुमचं यंत्र माणसालेबी लागते का?"

"लावून पाहा लागन," तो म्हणाला, आणि आपण जरा जास्तच बोललो असं वाटून तारेकडे वळला.

त्याचं नाव नितेश. तिवस्याजवळच्या गावाचा. गाव आईने विचारून घेतलं, नाव पावतीवर होतं. पावती मात्र तिने दोनदा वाचली.

चार दिवसांनी नेट पुन्हा गेलं. या वेळी लाल दिवा नव्हता, सगळं हिरवं होतं, तरी काही उघडत नव्हतं. तो आला, बसला, आणि राउटरच्या मागच्या बारीक छिद्राकडे पाहून त्याने विचारलं, "इथं सुई कोणी टोचली?"

"मी."

"काहून?"

"कंपनीच्या बाईनं फोनवर सांगतलं, रिसेट करा. म्हणून केलं."

"तिनं बंद-चालू करा म्हणून सांगतलं असन. रिसेट म्हणजे त्याले सगळं भुलवून टाकणं. आपलं नाव काय, पासवर्ड काय — त्याच्या ध्यानातच नाही आता."

"म्हणजे पुन्हा ओळख करून द्यायची?"

"हो. शांतपणे," तो म्हणाला. दोघांनाही हसू आलं, आणि त्या हसण्याचं कारण राउटर नव्हतं हे दोघांनाही कळलं.

ओळख करून देण्यासाठी त्याला तिचा लॅपटॉप हवा होता. जोडणी झाली, हिरवा दिवा लुकलुकू लागला, आणि अडकून पडलेलं मंडळाचं पान आपोआप उघडलं. तिवसा तालुक्यातली मुलं. तिसऱ्या ओळीत त्याचंच नाव होतं. वय तीस. खाजगी नोकरी. शेती पाच एकर. आणि पुढे निरोपांच्या रकान्यात, एकाखाली एक, नऊ वेळा तोच शब्द — कळवतो.

दामिनीने घाईने झाकण मिटायला हात पुढे केला, पण तो वाचून चुकला होता.

"हे... तुमी लिहिता?"

"जे लोक सांगतात ते."

"नऊ झाले का? मले वाटलं आठ." त्याने सॅकची चेन लावली, उघडली, पुन्हा लावली. "एक इचारू? 'कळवतो' म्हणजे काय असते?"

तिला उत्तर ठाऊक होतं. मंडळातल्या सगळ्यांनाच होतं. वऱ्हाडात स्थळाला कोणी नाही म्हणत नाही. चहा-पोहे होतात, माणसं उठतात, मुलीचा बाप दारापर्यंत येऊन नम्रपणे एवढंच म्हणतो. मग मुलाची आई महिनाभर फोनजवळ बसते.

"नाही असते," दामिनी म्हणाली.

"मालूम हाय मले. पण कोणी तोंडानं सांगतलं नव्हतं आजपर्यंत," तो म्हणाला. त्याच्या आवाजात तक्रार नव्हती, म्हणून तिला ते अधिक लागलं.

त्यानंतर दुपारी एकच्या सुमारास रोज फोन येऊ लागला. "नेट चालू हाय ना?" एवढाच प्रश्न. उत्तराला मात्र कधी दहा मिनिटं लागत, कधी अर्धा तास. तो खांबावरून बोलायचा. खालून रिक्षांचे भोंगे ऐकू यायचे. तिने एकदा म्हटलं, "आज नेट जरा सुस्त हाय," तर तो म्हणाला, "नेट की तुमी?" एका दुपारी ती त्याला चुकून 'तू' म्हणाली... मग दोघांनीही ती चूक सुधारली नाही. पण बोलण्याचा ओघ कुठूनही सुरू झाला तरी वावराशी जाऊन थांबायचा. कापून गंजी लावलेल्या सोयाबीनला पावसाने शेंगेतच कोंब फुटले, हे त्याने एकाच वाक्यात सांगून फोन ठेवला. आणि दुसऱ्याच दिवशी, चिखल आटून वाफसा आला की हरभरा कसा पेरायचा हे सांगताना, त्याच्या आवाजात पुन्हा उजेड आला. हा माणूस तिला आवडला होता. त्याला जे आवडत होतं, त्याची तिला धडकी भरत होती.

महिन्याच्या पंचवीस तारखेला तो काही बिघाड नसताना आला. कौशल्याबाई रेशनच्या दुकानात गेली होती.

"नोकरी सोडून राह्यलो," त्याने उभ्यानेच सांगितलं. "बाबाचं कंबरडं गेलं. पण खोटं काहून बोलू, बाबा बरे असते तरी सोडलीच असती. मी दुसऱ्याच्या घरी उजेड पोचवून राह्यलो अन् माहं वावर पडित राहाची येळ आली. तीस तारखेले गावी जातो, सकाळच्या गाडीनं." मग जमिनीकडे पाहत म्हणाला, "तू येशील का? लग्न करून."

दामिनी खुर्चीतून उठली. आणि चार वर्षांच्या सवयीने तिच्या तोंडून मंडळाची भाषा निघाली.

"आईले आत्ताच नोकरी सोडल्याचं नको सांगू. फॉर्मवर खाजगी नोकरीच राहू दे. काका सगळ्याच पोरांचं तसं लिहितात... लग्न होऊन जाऊ दे. मंग हळूहळू सांगता येईन."

त्याने मान वर केली. "खाजगी नोकरी मी नव्हतं लिहिलं. नोकरी आज ना उद्या सोडाचीच होती, म्हणून मी शेती लिहिलं होतं. तूच बदलवलं?"

"काकानं. टाइप मी केलं."

"नऊ ठिकाणी मी खोटा ठरलो ना मंग. चहा-पोह्यावर लोकं वावराचं इचारत, मी खरं सांगो, अन् ते एकमेकाकडं पाहत." तो चिडला नव्हता, खूप थकला होता. "ज्या गोष्टीवर मी जगणार हाय, ती लपवून तुले घरी नेऊ? दामिनी, तू इचार कर. नाही असन तर नाही म्हण. मी झेलून घेईन. फक्त ते 'कळवतो' नको म्हणू मले."

आई परतली ती रिकामी पिशवी घेऊन. दुकानातल्या यंत्रावर तिचा अंगठा आजही उमटला नव्हता. बाळापूरकडच्या त्यांच्या गावी वीस वर्षं निंदण-वेचणी करून तिच्या बोटांवरच्या रेषाच झिजून गेल्या होत्या. "जिती हाय मी, हे त्या यंत्राले सांगा वो कोणी," ती नेहमीसारखी हसत म्हणाली. दामिनीने तो अंगठा हातात घेतला. तिला झिजलेल्या बोटांचं भय नव्हतं. तिला आठवत होतं ते दुसरंच — दर दिवाळीला, दर पेरणीला आई वडिलांना जे टाकून बोलायची ते. मुळात भांडखोर नसलेली बाई, मुळात निर्दोष असलेला माणूस. आणि पाऊस पडला नाही तरी, जास्त पडला तरी, अपराधी तोच. गाव सोडल्यावरच ती दोघं पुन्हा एकमेकांशी साधं बोलू लागली.

चार दिवस ती विचार करत राहिली. आपल्याला हो म्हणावंसं वाटतं, हे तिने स्वतःपासून लपवलं नाही. पण हो म्हटलं तर त्या घरात आपण कोण होऊ, हेही तिला स्पष्ट दिसत होतं. फोन न उचलणं सोपं होतं. तो दोन महिने वाट पाहील, मग समजून घेईल. सगळे तसंच करतात. तिने तसं करायचं नाही असं ठरवलं.

तीस तारखेला सकाळी ती बसस्थानकावर गेली. तिवस्याची गाडी लागलेली होती. नितेश खिडकीशी बसला होता. मांडीवर सॅक, पायाशी बियाण्याची पिशवी. तिला पाहताच तो धडपडत खाली उतरला. त्याच्या चेहऱ्यावर जे उमटलं ते पाहून तिचा निश्चय एकदा डळमळला.

"नाही," ती म्हणाली. मग तिला वाटलं, एवढंच पुरेसं नाही. "तू चांगला हाय. वावर वाईट नाही. माह्यात तेवढी ताकत नाही. एखाद्या वर्षी पीक जाईन, अन् मी तुले बोलत राहीन... तुही चूक नसताना. तसं होऊन जगायचं नाही मले. तुह्यासंगं तं बिलकुलच नाही."

कंडक्टरने दोनदा हाक मारली.

"पक्कं?" त्याने विचारलं.

"पक्कं."

"मंग आईले सांगतो, वाट नको पाहू म्हणून." त्याने हसायचा प्रयत्न केला, तो अर्ध्यावर राहिला. "इथवर चालत आली?"

"हो."

"ऊन व्हायच्या आत जाय घरी."

तो गाडीत चढला. त्याची खिडकीची जागा एका म्हातारीने घेतली होती. तो तिला उठ न म्हणता मागे जाऊन उभा राहिला. गाडी मागे सरली, वळली, फाटकातून बाहेर पडली. नागपूरच्या रस्त्यावर ती दिसेनाशी होईपर्यंत दामिनी थांबली. मग फोनमधून उत्तमरावकाकांचा नंबर काढून तिने सांगितलं, "काका, तिवस्याच्या त्या पोराच्या फॉर्मवर मी आज शेती लिहून राह्यली. त्यानं लिहिलं होतं तसंच. अन् निरोपाच्या रकान्यात माहं नाव टाकून एक नकार लिहिते."

काका पलीकडून काहीतरी विचारत होते. तिने फोन ठेवला आणि पायीच घराकडे निघाली.