माईक काढून ठेवला होता

रंगवून सांगायची असती तर ही गोष्ट मी रात्रीची सांगितली असती. पण घडली ती टळटळीत दुपारी, चारच्या सुमाराला, माझ्या मामांच्या गच्चीवर. आणि मामांनी जन्मात कधी थाप मारलेली नाही.

मामा एक्स-रे टेक्निशियन. मागच्या वर्षी निवृत्त झाले, पण विसावा कसला? मामी दोन वर्षं अर्धांगवायूने अंथरुणाला खिळलेली. दर दोन तासांनी कूस बदलायची, भरवायचं, पुसायचं. माणूस पार पिचून गेला होता.

शेवटी मामीच म्हणाली, "अहो, तुमचा तो रेडिओ काढा ना बाहेर. माझं तोंड किती वेळ बघाल?"

तरुणपणी मामांना हॅम रेडिओचं वेड. हातात अँटेना धरायचा आणि डोक्यावरून जाणाऱ्या छोट्या उपग्रहामार्फत लांबच्या माणसांशी बोलायचं. जोडीला त्यांचे दोस्त, मास्तर. अकरा वर्षांपूर्वी मास्तर गेले आणि मामांनी सगळं सामान माळ्यावर टाकलं.

ते आता खाली आलं.

त्यांचा जुना उपग्रह अजून फिरत होता. बॅटरी केव्हाच मेलेली. ऊन लागलं की तेवढा जागा व्हायचा. पंधरा मिनिटं डोक्यावर, मग क्षितिजाआड.

पहिल्या दिवशी मामांनी हाक दिली. वरून त्यांचाच आवाज हेडफोनमध्ये परत आला. तसा तो येतोच.

पण त्या आवाजात थकवा नव्हता...

झोप धड नाही, म्हणून भास झाला असेल. मामांनी सोडून दिलं.

दुसऱ्या दिवशी बोलायचंही त्राण नव्हतं. माईक काढून बाजूला ठेवला आणि नुसते ऐकत बसले.

खरखर...

मग त्यांचाच आवाज आला.

"मास्तर, ऐकताय ना?"

मामांचे ओठ मिटलेले होते.

"ऐकतोय रे. बोल."

घसा खाकरून बोलायची तीच लकब. मास्तरच.

दोघं गप्पा मारू लागले. हेडफोनमधले मामा खदखदून हसत होते. गच्चीवरच्या मामांना दरदरून घाम फुटला होता.

"दमलास ना रे?"

"फार."

"मग ये की इकडे."

पुन्हा खरखर...

"येतो. हिचं एकदा आवरलं की निघालोच."

मामांनी हेडफोन भिरकावला. घड्याळ पाहिलं. उपग्रह मावळून सहा मिनिटं झाली होती.

ते धडपडत जिना उतरले. मामी ठीक होती. चेहरा खुललेला.

"किती दिवसांनी हसलात हो! खालपर्यंत ऐकू येत होतं."

त्याच संध्याकाळी मामा तो सगळा पसारा माझ्याकडे टाकून गेले. जाताना हे सांगितलं.

मी म्हटलं, "मामा, असलं काही तुमच्या मनात तरी येईल का?"

त्यांनी स्वतःच्या हातांकडे पाहिलं.

"रोज येतं रे," म्हणाले. "दुपारी चारला तू येऊन बसत जा. मला तिच्याजवळ एकटं ठेवू नकोस."

महिना झाला, मी जातो. आम्ही तिघं त्या खोलीत बसतो. वर गच्चीला कुलूप असतं.

काल मामीने माझा हात धरला आणि हळूच विचारलं, "तुझे मामा तर इथे बसलेत. मग वर कोण हसतंय?"

मला काहीच ऐकू आलं नाही.

मामांनी मात्र मान खाली घातली होती.