नाव घातलेला तांब्या

मागच्या दाराची कडी नेहमीसारखी अडली, तशी पद्मजानं ती नेहमीसारखी जरा वर उचलून डावीकडं रेटली. दार उघडलं. झोपेनं डोळे अर्धे मिटलेलेच होते. आडावरून भरून आणलेला तांब्या तिनं घडवंचीवर ठेवला, पदरानं तोंड पुसलं… आणि मग तिला चुलीपुढं बसलेला माणूस दिसला.

हातात फुंकणी, कपाळाला राख, धुरानं डोळ्यांत पाणी. तोही तिच्याकडं बघतच राहिला.

सहा दिवसांपूर्वीपर्यंत हे तिचं घर होतं. आता ते कुणा परक्या पुरुषाचं होतं, आणि ती तिथं एकटी, ओल्या केसांनी उभी होती. काय बोलावं ते सुचेना, तेव्हा लहानपणापासून कुणाच्याही घरून निघताना तोंडात यायचं तेच आलं.

"येते मी."

तो गोंधळून म्हणाला, "कधी?"

पद्मजा जी पळाली, ती थेट बोर्डिंगच्या पायरीवर येऊन थांबली.

परभणीच्या त्या मदरशात, म्हणजे निजाम सरकारच्या शाळेत, तिचे वडील विष्णुपंत गणित शिकवायचे. आवारातच मास्तरांची क्वार्टर्स. दोन खोल्या, गार पडवी, थंडीत न्हाणीतला तापलेला बंब आणि पद्मजाच्या खिडकीवर चढलेला जाईचा वेल. विष्णुपंतांचा तबादला करीमनगरला झाला. आईवडील गेले, पण पद्मजाच्या मास्तरणीच्या परीक्षेला चारच महिने उरले होते. म्हणून तिची ट्रंक कुंपणापलीकडच्या मुलींच्या बोर्डिंगात आली. अंतर म्हणाल तर शंभर पावलं, पण तिला त्यापेक्षा करीमनगर जवळ वाटायचं.

एका दालनात चौदा मुली. न्हाणीला कडी नाही. एकीनं आत जायचं, दुसरीनं दाराला पाठ लावून उभं राहायचं. आंघोळीला बर्फासारखं पाणी, आमटीत डाळ शोधावी लागायची. उशाशी कुणी घोरतंय, पायथ्याशी कुणी झोपेत बडबडतंय, आणि विसाव्या वर्षी पद्मजा लहान पोरीसारखी ट्रंकेवर हात ठेवून पडलेली. मुली तिला 'क्वार्टरवाली' म्हणायच्या. सहा रात्री डोळ्याला डोळा लागला नव्हता, म्हणून त्या पहाटे पाय आपोआप जुन्या वाटेला लागले.

आणि या सगळ्यांवर बोर्डिंग सांभाळणाऱ्या नर्मदाबाई. पांढरं लुगडं, नाकावर चष्मा, आवाज कधी चढायचा नाही. त्याचीच जास्त भीती. गेल्या साली एक मुलगी कुंपणाशी कुणा पुरुषाशी बोलताना दिसली आणि त्याच दुपारी तिची ट्रंक पडवीत आली. नाव कटलं म्हणजे परीक्षा नाही, सनद नाही, नोकरी नाही. पद्मजाला तर आयुष्यात ती सनदच हवी होती.

पायरीवर उभं राहून श्वास घेताना तिचं लक्ष आपल्या रिकाम्या हाताकडं गेलं… तांब्या!

तांबटाकडून वडिलांनी त्याच्या गळ्याशी नाव घालून घेतलं होतं: पद्मजा. दर रविवारी नर्मदाबाई प्रत्येकीची भांडी बघायच्या. ताट, वाटी, तांब्या. आज गुरुवार होता.

शुक्रवारी संध्याकाळी ती आडावर गेली, तर कुंपणापलीकडं तो जाईला पाणी घालत होता. नवे मास्तर, पोखर्णीकर. एवढं मुलींच्या बोलण्यातून कळलं होतं.

"याला पाणी किती लागतं?" त्यानं वेलालाच विचारल्यासारखं विचारलं.

पद्मजानं पोहरा आत सोडला. "दोन तांबे," ती आडात बघून म्हणाली.

"तांब्या सुखरूप आहे."

"हळू बोला… बाई पडवीत बसल्यात."

"नाव छान घातलंय. पद्मजा—"

"घेऊ नका ना नाव."

"बरं, नाही घेत. पण तुमी 'येते' म्हणालात, अन् मी दोन दिवस झाले चहा जास्तीचा टाकायलोय."

भीती होती, तरी तिला हसू आलं. "जाते म्हणू नये, म्हणून म्हणतात तसं."

"ते ठाऊक आहे हो मला. वाट बघायला काय जातंय?"

तिनं चोरून वर पाहिलं. तो खरंच वेलाकडं बघत होता, पण कान लाल झाले होते.

"कुंपणावर ठेवू का तांब्या?"

"नको. कुणी बघितलं तर माझं नाव कटेल."

"मग कडूबाईसंगं देऊ?"

कडूबाई बोर्डिंगात पाणी भरायची. "तिला कळलं की बातमी ताडकळसच्या बाजारापर्यंत जाईल," पद्मजा म्हणाली.

तो म्हणाला, "माझीबी नोकरी अजून कायम नाही. खरं सांगू? मलाबी भ्या वाटायलंय. पण रविवारच्या आत कायतरी करतो."

त्यालाही भीती वाटते हे ऐकून तिला का बरं वाटलं, कोण जाणे. तेवढ्यात कडूबाईच्या घागरी वाजल्या आणि पोहरा तसाच टाकून ती निघाली.

शनिवार गेला. काही झालं नाही. रविवारी मुली भांडी घेऊन ओळीत उभ्या राहिल्या.

"ताट… वाटी…" नर्मदाबाई तिच्यापुढं थांबल्या. "तांब्या कुठंय?"

"बाई, तो…"

"बाई," दारातून कडूबाई म्हणाली, "त्ये नवे मास्तर आल्यात. टोपलं घिऊन हुबे हायत."

पोखर्णीकर पायरीखाली, मान खाली घालून उभे होते. "आधीच्या बिऱ्हाडाचं सामान राहिलं होतं. विष्णुपंतांची मुलगी इथं असते म्हणून कळलं."

बाईंनी टोपलं आत आणवलं. वर तांब्या. खाली चाळणी, पळी, पोळपाट-लाटणं, एक वाटी. पद्मजा बघतच राहिली. तांब्या सोडला तर त्यातलं काहीच तिचं नव्हतं. एकटा तांब्या डोळ्यांत भरेल म्हणून वेड्यानं आपला संसार टोपल्यात भरला होता.

"हे सगळं तुमचं?" बाईंनी पद्मजाला विचारलं.

"हो, बाई."

बाईंनी वाटी उचलून चष्म्याजवळ नेली. "'चि. काशीनाथ'. हा काशीनाथ कोण?"

मास्तरांचा चेहरा पांढरा पडला. पद्मजाला त्यांचं नाव कळलं ते असं, वाटीवरून. भाऊ म्हणावं, तर ती एकुलती एक, आणि तिचा फॉर्म बाईंनीच भरलेला. पडवीत ठेवलेली आपली ट्रंक तिच्या डोळ्यांपुढं आली.

"त्याच घरातले आहेत," ती कशीबशी म्हणाली.

शब्द एकही खोटा नव्हता. पण मागं मुली फिसकन हसल्या, तेव्हा तिच्या लक्षात आलं की लग्न झालेल्या बायका नवऱ्याविषयी बोलतात तसं, नाव न घेता ती बोलली होती. जमीन दुभंगावी असं तिला वाटलं.

नर्मदाबाईंनी वाटी पाहिली, मास्तर पाहिले, पद्मजा पाहिली. मग पोळपाटावरून बोट फिरवलं.

"मास्तर, आधीचं बिऱ्हाड जाऊन नऊ दिवस झाले. पोळपाटाला आजची कणीक कशी?"

मास्तरांची मान आणखी खाली गेली.

"सामान इथंच राहील, माझ्या मुलींना पोळपाट नाही," बाई त्याच आवाजात म्हणाल्या. "तुम्हाला काही बोलायचं असेल तर करीमनगरला पत्रानं बोला. परीक्षा होईपर्यंत कुंपणाशी दिसलात, तर हिचं नाव मी कापीन."

"बाई… आज कापलं नाही?" पद्मजाला रडू फुटलं.

"अभ्यासाला बस."

तिथून पुढं रविवारी बोर्डिंगात चौदा जणी पाळीपाळीनं पोळ्या लाटायला लागल्या. पोळपाटाची मालकीण म्हणून क्वार्टरवालीचा भाव वाढला. ती न्हाणीच्या दाराला पाठ लावून आतलीशी गप्पा मारू लागली, घोरणं ऐकत झोपू लागली. कुंपणाकडं मात्र तिनं चुकूनही पाहिलं नाही. जाईला कळ्या आल्यात, हे तिला वासावरूनच कळायचं.

मास्तरांनी करीमनगरला मागणीचं पत्र घातलं. विष्णुपंतांचं उत्तर बाईंच्या नावे आलं. पोखर्णीचं घर माहितीतलं आहे, पण पद्मजाला विचारल्याशिवाय मी शब्द देणार नाही.

चैत्रात परीक्षा झाली. टांगा दारात आला. "मास्तरांची भांडी देऊन ये," नर्मदाबाई म्हणाल्या. "पत्राचं उत्तरही तूच दे. मी इथं उभी आहे."

शंभर पावलं. नाही म्हणाला तर? इतक्या दिवसांत त्याचं मन बदललं असलं तर? कडी अडली. तिनं ती उचलून डावीकडं रेटली.

तो चुलीपुढंच होता. शेजारी दोन कप.

तिनं पोळपाट, चाळणी, पळी, वाटी मांडून ठेवली आणि शेवटी तांब्या घडवंचीवर ठेवला.

"तो तुमचा आहे," काशीनाथ म्हणाला.

"हो." ती उंबऱ्याशी गेली. "येते मी."

तो वळून बघत म्हणाला, "कधी?"

या वेळी ती पळाली नाही. "वैशाखात… बाबांना सांगते तसं. तांब्या न्यायला नाही, राहायला."

तो उठून उभा राहिला, हातातली फुंकणी तशीच. पद्मजानं पदर सावरला आणि कडीवर हात ठेवला.

"आणि ही कडी तेवढी दुरुस्त करू नका. मला अशीच उघडायची सवय आहे."