पोट सुटलेला सात

गाव एवढं लहान होतं की त्याचा भूगोल सांगायला दोन वाक्यं पुरायची. उत्तरेला टेकडी, दक्षिणेला कालवा. मध्ये दोन रस्ते, एक गिरणीकडे जाणारा आणि दुसरा गिरणीकडून येणारा. तिसऱ्या वाक्याची वेळ आलीच तर शाळा, पोस्ट, नर्सबाईंचा दवाखाना आणि सहा दुकानं. याउपर काही विचारणारा माणूस बहुधा चुकून या गावात उतरलेला असायचा.

कालव्यावरच्या पुलापाशी पाटी होती. पहिल्या ओळीत गावाचं नाव, ते गावातल्यांना पाठ होतं आणि बाहेरच्यांना नको होतं. दुसऱ्या ओळीत समुद्रसपाटीपासूनची उंची, ती कुणी मोजली देव जाणे. तिसऱ्या ओळीत लोकसंख्या. अशा पाट्या सगळीकडे असतात, आणि त्यांच्यावरचा आकडा एकदा लिहिला की रंग उडेपर्यंत तोच राहतो. या गावात तसं नव्हतं. इथे मूल जन्मलं की त्याच दिवशी आकडा एकाने वाढायचा आणि माणूस गेला की दुसऱ्या दिवशी सकाळी एकाने उतरायचा. जन्माच्या वेळी मुलाचा बाप रंगाचा डबा धरून उभा राहायचा. मरणाच्या वेळी पेंटर एकटाच जायचा. नोकरीधंद्याला बाहेर गेलेला माणूस मात्र घरच्यांनी सांगितल्याशिवाय कमी करायचा नाही, असा नेम होता. पोस्टमास्तरांच्या आईने आपल्या थोरल्याबद्दल अजून काही सांगितलं नव्हतं. तो जाऊन एकवीस वर्षं झाली होती. पेंटरनेही कधी विचारलं नाही.

पेंटर स्वतः बाहेरचाच. चाळीस वर्षांपूर्वी गिरणीची भिंत रंगवायला आला, भिंत संपेपर्यंत गिरणीच्या कारकुनाच्या मुलीशी सूत जमलं आणि मग दुसऱ्या गावची भिंत काही त्याने पाहिली नाही. पाटीचं कामही त्याच साली त्याच्याकडे आलं. कुणीतरी आकडा सांगितला, त्याने तो लिहिला, आणि तेव्हापासून फक्त अधिक-उणे. सरकारी खानेसुमारी व्हायची तेव्हा शाळेतले मास्तर वही घेऊन पुलापाशी जायचे आणि परत येऊन सांगायचे की पाटी पुन्हा एकाने कमी भरतेय.

"तो एक म्हणजे मी," पेंटर म्हणायचा. "रंगवणारा स्वतःला कुठे रंगवतो?"

मास्तर हसायचे. गावही हसायचं. त्याला अजून 'पाहुणे' म्हणून हाक मारणारे चारदोन म्हातारे शिल्लक होते.

तो भुताखेतांवर विश्वास ठेवणारा नव्हता. त्याचा विश्वास होता अस्तर नीट वाळण्यावर. जुना अंक पट्टीने खरवडायचा, पांढरा हात द्यायचा, तो वाळेपर्यंत पुलाच्या कठड्यावर बसायचं, मग काळ्याने एका दमात अंक काढायचा. त्याच्या अंकांचं वळण सडपातळ होतं, एक रेघ जास्त नाही. त्याची एकुलती एक लेक ठकी लहान असताना ब्रशसाठी हट्ट करायची. सगळे अंक तिला जमले, सात तेवढा जमला नाही. तिचा सात खाली गोल फुगायचा.

"ठके, सात आहे की जेवण झालेला हवालदार? पोट आत घे त्याचं," तो म्हणायचा.

ती खदाखदा हसायची आणि पुढचा सात आणखी गुबगुबीत काढायची.

त्या वर्षी थंडी सरता सरता एका सकाळी तो गिरणीवर चालला होता. पोत्यांवर छाप मारायचं काम होतं. पाटीवर सातशे पस्तीस असायला हवं होतं. तिथे सातशे चौतीस होतं. चार ओला होता.

तो जवळ गेला. चार त्याच्याच वळणाचा होता. खाली अस्तर नीट दिलेलं, कडा स्वच्छ. त्याला आधी स्वतःचीच शंका आली, कारण साठी उलटली की माणूस चष्मा डोळ्यांवर ठेवून घरभर चष्मा शोधतो. पण गावात कुणी गेल्याचं त्याच्या कानावर नव्हतं, आणि या गावात कानावर न येता काही घडत नसे. त्याच्या अंगठ्याच्या नखाखाली काळा रंग होता. पेंटरच्या नखाखाली रंग नसला तरच नवल, म्हणून त्याने तिकडे लक्ष दिलं नाही.

दुपारी गिरणीचा म्हातारा पहारेकरी खुर्चीत बसल्या बसल्या गेला. हातातला चहासुद्धा सांडला नव्हता.

दुसऱ्या दिवशी पेंटर नेमाप्रमाणे डबा घेऊन पुलावर गेला, थोडा वेळ बसला आणि परत आला. बायकोने विचारलं, एवढ्यात झालं? तो हो म्हणाला. खोटं तरी काय होतं त्यात?

तीन आठवड्यांनी पाटीवर सातशे छत्तीस दिसलं. सहा ओला. एकदम दोन वाढलेले पाहून तो खुळ्यासारखा उभा राहिला. संध्याकाळी मास्तरांच्या सुनेला जुळं झालं, तेही नर्सबाईंनी एकच सांगितलेलं असताना. मास्तरांचा मुलगा डबा धरून पुलापाशी आला तेव्हा त्याला वाटलं पेंटरकाकांनी आधीच लिहून ठेवलंय. तो आनंदाने इतका फुलला होता की त्याने काही विचारलं नाही.

त्या दिवशी मात्र पेंटरने बायकोला सगळं सांगितलं. ती भाजी निवडत होती. तिने निवडणं थांबवलं नाही, पण हात मंदावले.

"पाटीला आधी कळत असेल तर कळू दे," ती म्हणाली. "पण अहो, तुम्ही रोज बघायला जाऊ नका."

ती असं का म्हणाली ते दोघांनाही ठाऊक होतं. ठकीला आठवा लागला होता. याआधी दोनदा तिची कूस अर्ध्यावर रिती झाली होती, आणि दोन्ही वेळा पाटीवर काही बदललं नव्हतं, कारण न जन्मलेल्याचा हिशेब पाटी ठेवत नाही. या वेळी दिवस भरत आले होते, पण तिचे पाय सुजले होते, डोकं ठणकायचं, आणि रक्तदाब घेताना नर्सबाई बोलायच्या थांबायच्या. एरवी त्यांची जीभ कात्रीसारखी चालायची. ठकी आईजवळ राहायला आली होती. जावई गिरणीतून सुटला की थेट इकडेच यायचा आणि काय करावं न सुचून पाणी भरत बसायचा. घरात पिंप, हंडे, घागरी, सगळं काठोकाठ भरलेलं होतं.

कळा एका मंगळवारी सकाळी सुरू झाल्या, दिवसांच्या आधी. नर्सबाई आल्या, त्यांनी हात लावून पाहिलं आणि जिल्ह्याच्या दवाखान्यातून गाडी मागवली. गाडीला चार तास लागणार होते. तोवर हलवायचं नाही, असं त्यांनी सांगितलं आणि दार लोटून घेतलं. पेंटर ओसरीवर येरझारा घालत होता, वाटेत येत होता. शेवटी बायकोने त्याला बाहेर काढलं. कुठे जाऊ नका हे मात्र सांगायला ती त्या घाईत विसरली.

पाटीवर सातशे छत्तीसच होतं.

त्याचा जीव भांड्यात पडला. कमी नाही. काहीच कमी नाही. मग त्याला दिसलं की सहा उन्हात चमकतोय.

त्याने बोट लावलं. बोट काळं झालं.

तो कठड्यावर बसला. आकडा तोच आणि रंग ताजा, म्हणजे एक वाढलेला आणि एक उणा. एक येणार, एक जाणार. आणि सहा त्याच्याच वळणाचा होता, सडपातळ, नेटका. म्हणजे जाणारा तो नव्हता, हा अंक लिहायला तो स्वतः इथे असणार होता. डबा घेऊन, सकाळी, एकटा.

आयुष्यात पहिल्यांदा त्याला आपल्या सुबक वळणाची किळस आली.

आकडा खरवडून काढावा असं त्याला वाटलं. सातशे अडतीस लिहावं, आठशे लिहावं. पण खोटा आकडा लिहून काय होणार? पाटी फसणारी नव्हती. चाळीस वर्षांत या पाटीवर एकही खोटा अंक गेला नव्हता, आणि तिचं सगळं बळ त्यातच असावं, असं त्याला उगाच वाटलं.

मग त्याला मास्तर आठवले. पाटी एकाने कमी भरतेय.

तो एवढ्या झपाट्याने घरी गेला की पुलावरून जाणारा पाववाला सायकलवरून उतरून बघत राहिला. डबा, ब्रश, पट्टी, चिंधी. दाराआडून ठकीचा आवाज येत होता. तो थांबला नाही. थांबला असता तर पुन्हा निघणं जमलं नसतं.

त्याने सहा खरवडला. पांढरा हात दिला. तो वाळेपर्यंत बसला, कारण मरण दारात उभं असलं तरी ओल्या अस्तरावर लिहायचं नसतं. मग एका दमात सात काढला. सातशे सदतीस. चाळीस वर्षांत पहिल्यांदा त्या आकड्यात तो स्वतः होता. हा अंक खोटा नव्हता.

"मला धरा आता," तो पाटीला म्हणाला. "पाहुणा म्हणून फार दिवस राहिलो. कुणाला न्यायचंच असेल तर मीही इथलाच आहे."

कालव्याचं पाणी नेहमीसारखंच संथ वाहत होतं. त्याने ब्रश पुसला आणि घरी गेला.

दुपारी एकच्या सुमाराला मुलगी झाली. ती रडली आणि घर गप्प झालं, कारण ठकीचं रक्त थांबेना. नर्सबाईंनी जावयाला बाहेर घालवलं. बायको चादरी देत राहिली. पेंटर ओसरीच्या खांबाला टेकून उभा होता आणि मनात एकच वाक्य घोळवत होता, मी आहे ना, मी आहे ना. किती वेळ गेला ते कुणालाच कळलं नाही. मग नर्सबाई दारात आल्या आणि तिथेच खाली बसल्या.

"थांबलं," त्या म्हणाल्या. "कसं थांबलं ते मला विचारू नका. पण थांबलं."

जावई ढसाढसा रडला. पेंटरने त्याच्या पाठीवर हात ठेवला. गाडी आली, तिच्यातल्या डॉक्टरांनी आई आणि बाळ दोघींना तपासलं, आता हलवायची गरज नाही म्हणाले आणि चहा घेऊन गेले. संध्याकाळ होत आली तेव्हा बायकोने नातीला त्याच्या हातात दिलं. मूठभर जीव. वजन असं काही नव्हतंच, होती ती सगळी ऊब. त्याला वाटलं, इतकी वर्षं दुसऱ्यांची पोरं एकेक आकड्याने वाढवली, तो एक आकडा एवढा मोठा असतो हे कुणी सांगितलंच नाही.

"जा, लिहून या," बायको म्हणाली. "जावयांना न्या डबा धरायला."

त्याला ठकीजवळ बसू दे, असं म्हणून तो एकटाच निघाला.

ऊन कलतं होतं. सात खरवडून आठ काढायचा, एवढंच काम. त्याने पट्टी काढली आणि पाटीकडे पाहिलं.

शेवटचा अंक सातच होता. पण सकाळी त्याने काढलेला तो सात नव्हता.

पहिला सात त्याचा होता, जुना, सडपातळ. आणि ओळीच्या टोकाला उभा होता दुसरा सात, काळा, ओला, खाली गोल फुगलेला. पोट सुटलेला.

तो बराच वेळ पाहत राहिला. हा अंक लिहायला ती असणार होती. सकाळी, एकटी, डबा घेऊन. पायांची सूज उतरलेली, अस्तर वाळेपर्यंत कठड्यावर बसलेली. आणि ज्याच्यासाठी ती एक उणा करणार होती, तो आत्ता इथे उभा होता.

त्याला भीती वाटली. वाटली नाही असं कसं म्हणावं? पण भीतीच्या आधी डोळ्यांत पाणी आलं ते वेगळ्याच कशाने तरी. सवयीने त्याने ब्रश उचलला, त्या साताचं पोट थोडं आत घ्यायला. मग तसाच खाली ठेवला.

घरी आल्यावर त्याने ब्रश रॉकेलमध्ये धुतला, साबणाने धुतला, केस बोटांनी सरळ केले. दुसऱ्याच्या हातात द्यायचा ब्रश असाच धुतात. ठकी जागी होती. तिच्या कुशीत पोरगी झोपली होती.

"किती झाले, बाबा?"

"उद्या बघू," तो म्हणाला आणि ब्रश तिच्या उशाशी ठेवला. "तुझा सात काही सुधारला नाही हो अजून."

ती थकलेलं हसली. "मी कुठे सात काढला? पंधरा वर्षं ब्रशला हात नाही लावलेला."

"तसाच राहू दे. चांगला दिसतो."

तो तिच्याजवळ टेकला आणि लहानपणी घ्यायचा तसा तिचा हात हातात घेतला. मग खिशातून रॉकेलची चिंधी काढली आणि बाळाला वास येऊ नये म्हणून त्याच्याकडे पाठ करून, हळूहळू, ठकीचं बोट पुसू लागला. तिच्या अंगठ्याच्या नखाखालचा काळा रंग अजून ओला होता.