सोमवार-गुरुवारची गुंगी

“ताई, सोमवारी न् गुरुवारी तुमचं पोरगं येतं ते मान टाकूनच येतंय. बघा की जरा.”

पाळणाघराच्या दारात बाळाबाईनं हे सांगितलं, तेव्हा अदितीच्या एका हातात फोन होता आणि दुसऱ्या हातात वर्गाच्या चाव्या. तिनं हसून विषय सोडून दिला.

“दात येतायत त्याला. रात्रभर जागवतो आम्हाला आणि दिवसा झोपतो.”

बाळाबाईनं शार्दूलला कडेवर घेतलं. त्याच्या पाठीवरून हात फिरवला आणि आत गेली.

त्यानंतरच्या गुरुवारी, भर वर्गात, अदितीचा फोन वाजला.

“लौकर या ताई. शार्दूलला उलट्या व्हायल्यात. डोळं उघडंना झालंय.”

कळंब्याच्या पुढं माळावर उभ्या राहिलेल्या पंचधारा विद्यापीठात अदिती समाजकार्य शिकवायची. त्या वर्षी विद्यापीठानं दोन गोष्टी मनावर घेतल्या होत्या. एक, तंबाखूमुक्त परिसर. दुसरी, ‘सर्वांचा परिसर’ नावाचा उपक्रम. मागच्या भिंतीपलीकडच्या वस्तीतल्या बायका सोमवारी आणि गुरुवारी शिवण आणि संगणक शिकायला आत यायच्या. बाळाबाई त्याच वस्तीतली. उपक्रमातूनच तिला विद्यापीठाच्या पाळणाघरात कंत्राटी काम मिळालं होतं.

दोन्ही गोष्टींची जबाबदारी अदितीवर. म्हणून त्या दोन दिवशी तिला घरातून लवकर निघावं लागे. नवरा पुण्याला नोकरीला. मागून सासूबाई, म्हणजे आक्का, शार्दूलला रिक्षानं पाळणाघरात आणून सोडत.

शाहूपुरीतल्या दवाखान्यात डॉक्टरांनी शार्दूलच्या डोळ्यांत बॅटरी मारली, नाडी बघितली, तोंडाचा वास घेतला.

“तंबाखू गेलीय पोटात.”

“तंबाखू? पंधरा महिन्यांचं पोर आहे हो ते.”

“म्हणूनच एवढा त्रास. जीवाला धोका नाही आता, पण रात्रभर इथंच ठेवू.”

“बिडीचं थोटूक गिळलं असेल का?”

“उलटीत पान नाही, कागद नाही. नुसती काळी बारीक पूड दिसली.” डॉक्टर दुसऱ्या खाटेकडं वळले.

आक्का शिवाजी पेठेतून धावतच आल्या होत्या, काखेला पर्स. पोट दुखलं तर म्हणून हिंगाची डबी त्या पर्समध्ये कायम असे. निवृत्त शिक्षिका. पेठेतली निम्मी पोरं त्यांच्या हाताखालून गेलेली. पदर तोंडाला लावून त्या खाटेशी उभ्या होत्या.

“तरी मी सांगत होते,” त्या म्हणाल्या. “वस्तीतल्या बायका पोराजवळ कशाला? त्या मिश्री लावतात दातांना, तंबाखू भाजून केलेली. त्यातलीच कुणीतरी चोळली असणार त्याच्या हिरड्यांना.”

अदितीनं नुसती मान हलवली. शार्दूलच्या हाताला सलाइनची सुई होती. तिला दुसरं काही दिसत नव्हतं.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी शार्दूलनं डोळे उघडले, पाणी मागितलं. दुपारी अदितीची आई त्याच्याजवळ बसली आणि अदिती विद्यापीठात गेली. तोवर तिथं सगळं ठरत आलं होतं.

“सापडली,” कुलसचिव शिंत्रे म्हणाले. त्यांच्या टेबलावर पत्र्याची चपटी डबी होती. “बाळाबाईच्या कमरेला. मिश्री. झडती घेतली तेव्हा रडायलाच लागली.”

“तिनं दिली असं कबूल केलं?”

“कबूल कशाला करेल? पण बघा ना मॅडम, पोरगं गुंगीत असायचं ते सोमवारी आणि गुरुवारी. बायका येतात कधी? सोमवारी आणि गुरुवारी. शांत झोपलं की बाई मोकळी, मैत्रिणींशी गप्पा मारायला. संध्याकाळी तुमच्या तंबाखूमुक्त परिसर समितीची बैठक आहे. तिला काढायचं आणि बायकांचा वर्ग बंद. पोलिसांत द्यायचं का, ते तुम्ही आई म्हणून सांगा.”

“संध्याकाळपर्यंत थांबा,” अदिती म्हणाली.

बाळाबाई पाळणाघराच्या मागच्या पायरीवर बसली होती. चाळिशीची, हाडकुळी. अदितीला बघून उठली नाही.

“बाळाबाई, डबी तुझी?”

“व्हय.”

“कधी लावतेस?”

“सकाळी, घरी. न् दाढ ठणकाय लागली की हितं, मोरीत जाऊन. येकदा-दोनदा. खोटं कशाला बोलू?”

“शार्दूलला लावलीस?”

बाळाबाईनं वर बघितलं. “माझ्या पोरीला म्या कधी लावली न्हाय, तुमच्या पोराला लावीन व्हय?”

“मग कुणी?”

बाळाबाईनं पदर कमरेला खोचला.

“तुला माहितीय, बाळाबाई.”

“म्या म्हाईत असून काय उपेग? माझ्या कंबरंला डबी घावली. आता म्या देवाची आण घेतली तरी लोक डबीच बघणार की.” ती पायरीवरचे खडे एकेक उचलून टाकत राहिली. “तुमी शिकलेल्या हाय. तुमी बघा.”

फाटकावर कृष्णात होता. आत येणाऱ्याचे खिसे तपासून बिड्या, पुड्या लाकडी पेटीत टाकायला लावणं हे त्याचं काम. दंगा करून बोलणारा माणूस, पण आज आवाज उतरला होता.

“कृष्णात, काल वस्तीतल्या बायका कधी आत आल्या?”

“शार्दूल आल्यावर. आजीबाई पोराला सोडून त्याच रिक्षानं परत गेल्या, मग बायांची रांग लागली. एकेकीची पिशवी बघून सोडायचं म्हंजे वेळ लागतोय की. त्यात ती तानाबाई म्हंतीया, माझं पाकीट बघताय तर सायबाचं बी बघा. म्या म्हटलं, आगं, सायबाला आडीवलं तर मलाच पेटीत टाकतील.”

“साहेबांचं बघत नाही?”

“साहेबांचं, न् साहेबांच्या पावण्यांचं न्हाय बघत. तसा वरनं हुकूम हाय.”

“शार्दूल कसा होता येताना?”

कृष्णातनं मान खाजवली. “रिक्षातनं उतरताना आजीबाईंच्या खांद्यावर हुता. झोपलाय म्हणाल्या.”

अदिती पाळणाघरात परत आली. तिथली पद्धत ठरलेली होती. मूल दारात आलं की घरचे कपडे काढायचे, पाळणाघराचे धुतलेले घालायचे. घरचं सगळं मुलाच्या पिशवीत, पिशवी खुंटीला. वस्तीतली मुलं आणि प्राध्यापकांची मुलं एकाच कापडात दिसावीत म्हणून हा नियम केला होता.

शार्दूलची पिशवी कालपासून खुंटीलाच होती. घाईत कुणी नेली नव्हती.

तिनं आतलं लाळेरं काढलं. पिवळं, बदकाचं चित्र असलेलं. तिनंच काल सकाळी काढून ठेवलं होतं आक्कांसाठी. गळ्याजवळच्या दुमडीत काळपट ओघळ होता, वाळलेला. तिनं नाकाशी नेलं.

भाजलेल्या तंबाखूचा वास.

तिनं लाळेरं घडी करून पर्समध्ये घातलं. तिला डबी आठवली नाही, बाळाबाई आठवली नाही. दवाखान्यात खाटेशी उभ्या असलेल्या आक्का आठवल्या, आणि त्यांचं ते एक वाक्य.

*

संध्याकाळी बैठकीला आक्का स्वतःच आल्या. नातवाच्या बाजूनं बोलायला. शिंत्र्यांनी त्यांना मानानं खुर्ची दिली. तेही एकेकाळी त्यांच्याच वर्गात होते. बाळाबाईला दाराशी उभं केलं होतं.

“मास्तरीण होते म्हणून सांगते,” आक्का म्हणाल्या, “पोरांच्या बाबतीत दयामाया नको. तंबाखूविरोधात मी प्रभातफेऱ्या काढल्यात शाळेच्या. ह्या बाईला आजच्या आज काढा.”

“सर, मला बोलायचंय,” अदिती म्हणाली. ती उभी राहिली.

“बोला.”

“डॉक्टर म्हणाले, पोटात तंबाखू, उलटीत काळी पूड. एवढंच. मी थोटकाबद्दल विचारलं. तुम्ही सगळे थोटूक आणि पुडी शोधत होतात. डबी तर आज सकाळी सापडली. पण काल, दवाखान्यात, एकच माणूस म्हणालं की मिश्री असणार. आणि हिरड्यांना चोळलेली. हिरड्यांचं नाव डॉक्टरांनीही घेतलं नव्हतं.”

शिंत्रे टेबलावर पुढं झुकले. “कोण म्हणालं?”

अदितीनं लाळेरं टेबलावर ठेवलं.

“हे शार्दूलचं घरचं. पाळणाघराच्या दारात काढतात आणि पिशवीत घालतात. दिवसभर खुंटीला होतं. बाळाबाईनं आत काही चोळलं असतं, तर डाग पाळणाघराच्या कपड्यांवर पडला असता, ह्याच्यावर नाही. वास घ्या. पोराला मिश्री लागली ती दारात येण्याआधी.”

कुणी वास घेतला नाही. घ्यायची गरज उरली नव्हती.

“सोमवार आणि गुरुवार,” अदिती म्हणाली. “त्या दिवशी बायका येतात हे खरं. पण बायका येतात म्हणून मी लवकर निघते. आणि मी लवकर निघते म्हणून शार्दूलला दुसरं कुणीतरी आणतं. आपण बायका मोजल्या. आणणारं माणूस मोजलं नाही. काल तर तो वस्तीतल्या बायका यायच्या आधीच खांद्यावर मान टाकून होता. कृष्णातनं बघितलंय.”

आक्का सरळ समोर बघत होत्या.

“आक्का,” अदिती त्यांच्याकडं वळली. “तुमच्या पर्समध्ये हिंगाची डबी असते. ती उघडता?”

“सुनेनं सासूची झडती घ्यायची?”

“नको घ्यायला. तुम्हीच सांगा.”

आक्कांनी पर्स उघडली नाही. दोन्ही हातांनी मांडीवर घट्ट दाबून धरली.

“रडतो तो,” त्या शेवटी म्हणाल्या. “तू गेलीस की रडतो. रिक्षात हंबरडा फोडतो, माणसं वळून बघतात. चिमटीत येईल एवढी. माझ्या आईनं आम्हा सगळ्यांना लावली, दात येताना. काय झालं आम्हाला? मंजन आहे ते. काल ऐकेचना, म्हणून दोनदा लावली.”

“आणि डॉक्टर म्हणाले तेव्हा?”

“तेव्हा...” आक्कांनी पदर तोंडाला लावला. “पेठेत मला काय म्हणतील लोक?”

“म्हणून बाळाबाई.”

आक्कांनी पर्स उचलून काखेत घेतली.

शिंत्रे बाळाबाईकडं वळले. “तुला ठाऊक होतं?”

“वास वळखू येतोय की साहेब.”

“मग आधीच का नाही सांगितलंस?”

“सांगितलंवतं. पोरगं मान टाकून येतंय म्हणून. मिशरी म्हटलं असतं तर तुमी पयलं मलाच इचारलं असतं, तुला गं कसा कळला वास?”

शिंत्र्यांनी चष्मा काढून पुसला. मग म्हणाले, “मॅडम, पोराचा प्रश्न मिटला. तो तुमच्या घरातला आहे, घरातच राहू द्या. आक्कांचं नाव ह्या खोलीबाहेर जाणार नाही. पण डबीचं काय?”

“डबीचं म्हणजे?”

“परिसरात तंबाखू कोणत्याही स्वरूपात जवळ बाळगायची नाही. कायम कर्मचारी असेल तर समुपदेशन. कंत्राटी असेल तर सेवा समाप्त. नियम तुमच्या समितीचा आहे. तुम्हीच तो वर्गात बायकांना वाचून दाखवलात.”

“तिची दाढ दुखते, सर. तिलाही समुपदेशन द्या. दाताचा डॉक्टर द्या.”

“आज तिला सोडलं तर उद्या सगळे डब्या घेऊन येतील. आणि बायकांचा वर्ग थोडे दिवस थांबवू. वातावरण निवळू दे.”

“त्यांनी काय केलंय?”

“कुणी काही केलंय असं मी म्हटलं नाही.”

अदितीनं राजीनाम्याची भाषा केली. शिंत्रे म्हणाले, घरी जाऊन विचार करा. तिनं लेखी तक्रार दिली. ती घेतली, शिक्का मारला, निर्णय तोच राहिला. बाळाबाईला कुणी बस म्हटलं नाही. ती दारातून निघून गेली, केव्हा तेही कुणाला कळलं नाही.

आक्का आता शार्दूलला हात लावत नाहीत. पेठेत त्या सांगतात की पोराला पाळणाघरातलं बाधलं. अदिती त्यांच्यासमोर ताट वाढते, बोलत नाही. नवरा पुण्याहून फोनवर म्हणतो, झालं ते झालं. शार्दूल खेळतो, हसतो, त्याला आणखी दोन दात आलेत.

बाळाबाईचा फोन बंद आहे. अदिती तिच्या घरी दोनदा जाऊन आली. बाहेर कुलूप नव्हतं, आतून कडी होती. हाक मारली तर आत भांडं वाजलं आणि थांबलं. दार उघडलं नाही. शेजारची म्हणाली, ती कुणाशी बोलत न्हाय, पोरगी मामाकडं धाडलीया, चूल पेटल्याली दिसत न्हाय. अदितीनं दारात ठेवलेली डाळ-तांदळाची पिशवी दुसऱ्या दिवशीही तिथंच होती.

अदितीला ती आता दार उघडणार नाही. का उघडावं? पण तुम्हाला ती ओळखत नाही. कळंब्याच्या पुढं, विद्यापीठाच्या मागच्या भिंतीला लागून वस्ती आहे, कडेला पाण्याची टाकी, टाकीसमोर निळ्या दाराचं घर. त्या बाजूला गेलात तर जरा थांबा. डबीबद्दल विचारू नका. बाळाबाई, जेवलीस का, एवढं विचारा, आणि आतून काही उत्तर येईपर्यंत तिथून हलू नका.