चाकापुढचा दगड

लढाईत अमेरिकन रणगाड्यांचे गिअर लावून लावून मी विटलो होतो. त्या रणगाड्यांना क्लच नव्हता, गिअर आपोआप पडायचे. फौजेतून सुटून सांगलीला आलो, सायकली दुरुस्त करू लागलो, तर सेहेचाळीसच्या चैत्रात कवठे महांकाळचे बडे जमीनदार हंबीरराव यांचा निरोप. त्यांच्या अमेरिकन मोटारीला तसलाच गिअर होता आणि माळावर शर्यत ठरली होती. आगीतून फुफाट्यात, दुसरं काय!

गाडी दाखवायला ड्रायव्हर कृष्णात आला. टायर तापले की जमीन घट्ट धरतात. म्हणून सुटण्याआधी पुढच्या चाकाला दगड लावायचा, ब्रेक दाबून मागची चाकं भिजवलेल्या फरशीवर जागच्या जागी फिरवायची, धूर निघाला की दगड काढायचा, काढणारा बाजूला झाला की मगच ब्रेक सोडायचा. गेल्या महिन्यात तो दगड काढताना कृष्णातचा थोरला भाऊ आकाराम गाडीखाली सापडून गेला. चालवत कृष्णातच होता.

"जाफरभाई, पाय ब्रेकवरच हुता माजा. गिअर आपसूक पडला... तुमी बघा. न्हाईतर मला जगणं न्हाई."

दोन दिवस गिअरबॉक्स खोलून आतले पट्टे तपासले, आवळले. दोष कुठंच नव्हता. ते त्याला सांगायचं बळ माझ्यात उरलं नव्हतं. फार थकलो होतो.

"दोष गाडीचाच होता. काढला," मी म्हणालो.

दिवस कलता कृष्णातला गाडीत बसवून चाचणी घेतली. दगडाला हात लावायला एकही गडी तयार होईना. शेवटी मीच वाकलो. चाकं किंचाळली, जळक्या रबराच्या वासानं घसा धरला, धुरात काही दिसेना. दगड चिखलातून उपसून उभा राहतो न राहतो तोच गाडी उसळली...

मी डोळे मिटले. गाडी माझ्या गुडघ्यांपासून हातभर अंतरावर थरथरत अडली. मग इंजिन बंद पडलं.

"पाय सुटला, जाफरभाई..." धुरातून कृष्णात रडत म्हणाला. "तवा बी आसाच सुटला हुता..."

दगड माझ्या हातातच होता. मग गाडी अडली कशानं?

धूर विरला. फरशीवरचं पाणी वाहून पुढं चिखल झाला होता. त्यात, माझे बूट आणि बंपर यांच्या मधे, अनवाणी टाचांचे दोन ठसे होते. गाडीला रेटा द्यावा तसे रोवलेले.

कृष्णात उतरून त्यांच्याजवळ बसला. "दादा..." एवढंच म्हणाला.

इंजिन केव्हाच बंद होतं. तरी आम्ही बघत असताना त्या टाचा बोट बोट खोल जात राहिल्या.