गव्हाणी घुबडांची पेटी

"चोरी झालीय," आप्पा म्हणाले. वहिनींनी पुढे केलेल्या खुर्चीत बसायचंही त्यांना सुचलं नाही.

"काय गेलं?"

"चार पिल्लं. पेटीसकट."

भाऊजींच्या हातातला चहा बशीत सांडला. "पेटीसकट? म्हणजे पळवून नेली?"

"माणसांची नाहीत हो. घुबडाची!"

भाऊजींनी सुटकेचा निःश्वास सोडला. आप्पांनी त्यांच्याकडे असं पाहिलं, की तो त्यांना अर्ध्यातच आवरावा लागला.

वहिनी पूर्वी विमा कंपनीत नुकसानीचे दावे तपासायच्या. आता शिंप्याच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत त्यांचं स्वतःचं तपासाचं ऑफिस होतं. निवृत्तीनंतर धाकटे दीर मदतीला आले आणि दिवसभर 'वहिनी, वहिनी' करू लागले. मग सगळं गाव त्यांना वहिनीच म्हणू लागलं, आणि दिरांना भाऊजी.

आप्पांची ओळख करून द्यायची गरज नव्हती. बियाण्यांचा धंदा मुलावर सोपवून त्यांनी पक्षिमित्र मंडळ काढलं होतं. तळ्याकाठची झाडं वाचली ती या मंडळामुळेच. आता मंडळाने नवीन काम हाती घेतलं होतं. शेतात उंदरांसाठी विष टाकायचं नाही. घुबडांसाठी लाकडी पेट्या लावायच्या. घुबडाची एक जोडी पिल्लं वाढवते तेव्हा ढिगाने उंदीर खाते. रविवारी आसपासचे शेतकरी आप्पांच्या गोदामातल्या पेटीत राहणारी जोडी बघायला येणार होते, आणि ज्याला पटेल तो पेटी घेऊन जाणार होता.

"आज सकाळी बघतो तर भिंत रिकामी," आप्पा म्हणाले. "वहिनी, हा माझ्या गोदामावरचा दरोडा नाही. कोणीतरी या कामाच्याच मुळावर उठलंय."

"कुलूप?"

"जसंच्या तसं. एक किल्ली माझ्याकडे, एक मुलाकडे. दोन्ही रात्री घरात खुंटीला असतात."

---

गोदाम उंच होतं. पोत्यांच्या थप्प्या छताच्या निम्म्यापर्यंत गेल्या होत्या. मागच्या भिंतीवर, झरोक्याखाली, चार लांब बोल्ट बाहेर आलेले दिसत होते. पेटी त्यांच्यावर बसवलेली होती.

वहिनी शिडी लावून वर चढल्या. भाऊजींनी खालून शिडी धरली आणि तोंडही सुरू ठेवलं. "चोराला घाई असणार. नट उडवले असतील इकडेतिकडे."

"नट इथेच आहेत," वरून आवाज आला. "चारही. बोल्टांवर पुन्हा फिरवून ठेवलेत."

"नीटनेटका चोर!" भाऊजी म्हणाले.

खाली आल्यावर वहिनी जमीन बघू लागल्या. गोदामभर धूळ होती. पोत्यांमागचा एकच कोपरा लख्ख होता आणि तिथे फिनेलचा वास येत होता. भिंत आणि फरशीच्या फटीत काही हिरवट दाणे अडकलेले होते. भाऊजींनी ते नखाने उकरून तळहातावर घेतले.

"बियाणं आहे ते," मागून आवाज आला. आप्पांचा मुलगा दारात उभा होता. चाळिशीचा, उंच, डोळे तांबारलेले. "पेरायच्या बियाण्याला औषध लावतो आम्ही. म्हणून रंग."

शेजारच्या उघड्या पोत्यात तसंच रंगीत बियाणं होतं. भाऊजींनी समाधानाने मान हलवली. वहिनींनी पोत्यातलं एक बी उचललं, भाऊजींच्या तळहातावरच्या दाण्यांशेजारी ठेवलं. पोत्यातलं बी टपोरं, अख्खं होतं. फटीतले मात्र सगळे तुकडेच होते, भरड्यासारखे. त्यांनी ते रुमालात बांधून घेतले.

"हा कोपरा कोणी पुसला?"

"हमालांनी पुसला असेल." मुलाने नजर वळवली. "वहिनी, पिल्लं जिवंत असतील ना?"

"अजून सांगता येत नाही."

"रविवार तोंडावर आलाय. आप्पांनी किती जीव ओतलाय यात..."

भाऊजी एव्हाना अंगणात गेले होते. शेतकऱ्यांसाठी बनवलेल्या नव्या पेट्या तिथे रचून ठेवल्या होत्या, मापाने अगदी जुनीसारख्याच. त्यांनी एक उचलून पाहिली. उचलली खरी, पण ती घेऊन शिडीची एक पायरी चढताच पाय लटपटले आणि ते पेटीसकट वहिनींच्या अंगावर येता येता राहिले.

"एकट्याचं काम नाही हे!" ते धापा टाकत म्हणाले.

"आज तुम्ही लाखमोलाचं बोललात, भाऊजी."

---

आप्पांचं घर गोदामाला लागूनच होतं. सूनबाईने पाणी आणून दिलं. मंडळात पिल्लांवर सर्वांत जास्त जीव कोणाचा असेल तर हिचा, असं आप्पांनी वाटेत सांगितलं होतं. पेटीची साफसफाई तीच करायची. कोणतं पिल्लू हावरट, कोणतं भित्रं, हे तिला आवाजावरून कळायचं.

"काल गोदामात कधी गेला होतात?" वहिनींनी विचारलं.

"संध्याकाळी. रोजच जाते."

"पेटी होती?"

"होती." ती पदराच्या टोकाशी चाळा करत होती. "मग मी घरी आले. आणखी काही माहीत नाही मला."

"मंडळात कोणाशी वाकडं?"

उत्तर आप्पांनी दिलं. "फोटोवाल्याशी. प्रखर दिवा लावून फोटो काढायचा म्हणत होता. मी हाकलून दिला. आणि सांगून ठेवतो, विष टाकणाऱ्यांपैकीही कोणी असेल. मी भर सभेत बजावलंय, जो विष ठेवेल त्याचं तोंड मी बघणार नाही, मग तो सख्खा का असेना!"

सूनबाई भांडी आवरायला आत गेली. पेला हातातून निसटून खणकन पडल्याचा आवाज आला.

निघताना आप्पांनी वहिनींना दारापर्यंत सोडलं आणि हळूच म्हणाले, "मुलगा आणि मी मधे बरीच वर्षं बोलत नव्हतो. धंद्यावरून बिनसलं होतं. या घुबडांमुळे पुन्हा बोलायला लागलो. म्हणून जास्त लागलंय मनाला."

---

फोटोवाल्याच्या स्टुडिओत पासपोर्ट फोटोंसाठी दोन गिऱ्हाईकं बसली होती. त्याने त्यांना तसंच बसवून ठेवलं आणि वहिनींना बाजूला घेतलं.

"मी नेली? मला घुबड पाळायचंय का? आप्पांवर राग आहे, नाही म्हणत नाही. पण पिल्लांनी माझं काय घोडं मारलंय? सापडतील ना हो ती?"

"तुम्ही गोदामाकडे फिरकत होता."

तो ओशाळला. "बाहेरून. समोरच्या गच्चीवरून फोटो काढतो. आप्पांना सांगू नका." त्याने कॅमेऱ्यातले फोटो दाखवले. "हा कालचा, अंधार पडतानाचा. नर उंदीर घेऊन झरोक्यावर आला. आत जाऊन तसाच उंदीर घेऊन परत. पुन्हा आला, पुन्हा परत. कोणाला द्यायचा ते कळेना त्याला."

"आणि मादी?"

"तीच तर गंमत. एरवी दोघं आळीपाळीने येतात. काल मादी फिरकलीच नाही. परवाही एकदाच दिसली, तीही झरोक्यावर नुसती बसून. पिसं फुगवून, आजाऱ्यासारखी."

रस्त्यावर आल्यावर भाऊजींनी चुटकी वाजवली. "हाच! गच्चीवरून नजर, मनात राग..."

"किल्ली?"

भाऊजींनी चुटकीचा हात खिशात घातला.

"शिवाय पिल्लं चोरली तर आई-बाप दोघंही रिकाम्या जागेवर घिरट्या घालतील," वहिनी म्हणाल्या. "इथे एकटा बाप घालतोय. आई कुठे गेली? चला, डॉक्टरीणबाईंकडे."

प्राण्यांच्या डॉक्टरीणबाई मंडळाच्या उपाध्यक्ष होत्या. दवाखान्याच्या बाकावर एक म्हातारा मांजराची टोपली घेऊन बसला होता. दाराशी भोकं पाडलेलं पुठ्ठ्याचं खोकं होतं, त्यावर कोंबड्यांच्या उबवणी केंद्राचा शिक्का.

"कोंबड्यांवरही उपचार करता का?" वहिनींनी सहज विचारलं.

"छे, माझ्याकडे कुत्री-मांजरंच येतात," डॉक्टरीणबाई हात पुसत म्हणाल्या. मग खोक्याकडे लक्ष जाताच त्यांनी ते पायाने टेबलाखाली सरकवलं. "पेटीचं ऐकलं मी. वाईट झालं. पण मला काही सांगता येणार नाही."

"मागच्या खोलीत बघू का जरा?"

"नको. संसर्ग झालेला पेशंट आहे."

वहिनींनी रुमाल सोडून हिरवट तुकडे टेबलावर ठेवले. डॉक्टरीणबाईंनी ते पाहिले, आणि पुसून कोरडे झालेले हात पुन्हा पुसले.

"आज संध्याकाळी मी आप्पांना आणि त्यांच्या घरच्यांना इथे घेऊन येते," वहिनी म्हणाल्या. "तोवर तुमच्या पेशंटची काळजी घ्या."

---

संध्याकाळी दवाखान्याच्या बाकांवर सगळे अवघडून बसले होते. आप्पा, मुलगा, सूनबाई, कोपऱ्यात फोटोवाला. डॉक्टरीणबाई मागच्या दाराला पाठ लावून उभ्या होत्या.

"पहिली गोष्ट, नट," वहिनींनी सुरुवात केली. "चोर नट फेकून देतो. परत त्याच बोल्टांवर फिरवून ठेवतो तो माणूस, ज्याला पेटी पुन्हा तिथेच लावायचीय. म्हणजे ही चोरी नव्हे. पिल्लांना थोड्या दिवसांसाठी हलवलंय."

"कशासाठी?" आप्पा उसळले.

"सांगते. भाऊजींना एकट्याने पेटी पेलवली नाही. म्हणजे माणसं दोन. कुलूप शाबूत, म्हणजे त्यातलं एक घरचं. आता हे तुकडे बघा. मुलगा म्हणाला, बियाणं. पण आप्पा, भरडलेला दाणा कोणी पेरायला विकतो का?"

आप्पांनी आयुष्यभर बियाणं विकलं होतं. त्यांनी एक तुकडा चिमटीत धरला आणि त्यांचा चेहराच बदलला. "भरडा उगवत नाही. हे... हे उंदरांचं विष आहे."



"तुमच्याच गोदामात," वहिनी शांतपणे म्हणाल्या. "विष खाल्लेला उंदीर लगेच मरत नाही. सुस्तावतो, सहज पकडला जातो. तसा एक मादीने खाल्ला. परवा ती फोटोवाल्यांना आजारी दिसली. काल संध्याकाळी पोत्यांमागच्या कोपऱ्यात पडलेली कोणाला तरी सापडली. त्या माणसाने तिला उचललं, तो कोपरा धुतला, उरलेलं विष गोळा केलं. आणि तसलाच उंदीर बापाने पिल्लांना भरवू नये म्हणून पेटीही खाली उतरवली."

"कोणी?"

"आज जो तो मला विचारत होता, पिल्लं जिवंत असतील ना, सापडतील ना? मुलाने विचारलं. फोटोवाल्यांनीही विचारलं, राग असून. दोघींनी विचारलं नाही. एक डॉक्टरीणबाई. त्यांच्याकडे कोंबड्या येत नाहीत, पण उबवणी केंद्राचं खोकं येतं. तिथली मेलेली पिल्लं शिकारी पक्ष्यांना खायला देतात. आणि दुसरी, जिचा या पिल्लांवर सर्वांत जास्त जीव आहे ती. विचारायची गरजच नव्हती तिला."

सूनबाईने तोंड ओंजळीत झाकलं. "कशी सांगू, आप्पा? तुम्ही भर सभेत म्हणाला होतात. सांगितलं असतं तर हे घर पुन्हा फुटलं असतं. वाटलं, ती बरी झाली की रविवारच्या आत पेटी लावून टाकू. कोणी तरी खोडी काढली असं म्हणतील आणि विसरतील."

मुलगा तिच्याकडे बघतच राहिला. "म्हणजे तुला ठाऊक होतं, मी..."

मग तो आप्पांकडे वळला. "नालीकडून उंदीर आले होते," तो म्हणाला. "घुबडांना आवरेनात. पोती फोडली, गिऱ्हाइकांनी माल परत पाठवला. तुमच्याशी बोलायचं म्हणून तीनदा तुमच्या खोलीपर्यंत आलो आणि परत गेलो. पुन्हा बोलणं तुटेल अशी भीती वाटली. मग गुपचूप विष ठेवलं. आज पेटी गेली म्हटल्यावर वाटलं, पिल्लं मेली आणि कोणीतरी फेकून दिली. सकाळपासून घास गिळलेला नाही मी."

आप्पा उठले. भाऊजी मधे पडायच्या तयारीने अर्धे उभेच राहिले.

आप्पा मुलासमोर जाऊन थांबले.

"माझ्याच पोराला माझ्याशी बोलायची इतकी भीती वाटावी," ते म्हणाले, "तर चूक नुसती तुझी नाही." मग खाकरून, नेहमीच्या आवाजात, "पण विष ठेवलंस ते गाढवपणाच केलास!"

"केला," मुलगा म्हणाला, आणि रडता रडता हसला.

"जिवंत आहेत का ती?" आप्पांनी विचारलं. दुसऱ्यांदा विचारायची वेळ आली नाही. डॉक्टरीणबाईंनी मागचं दार उघडलं.

आतून असा फुत्कार आला, की भाऊजी चार पावलं मागे सरले. पेटीच्या तोंडाशी चार पांढरीफट्ट, विड्याच्या पानाच्या आकाराची तोंडं एकमेकांना ढकलत होती. शेजारच्या पिंजऱ्यात, फडक्यावर, त्यांची आई बसलेली होती.

"रक्त गोठत नव्हतं तिचं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "रात्रीपासून के जीवनसत्त्वाची इंजेक्शनं चालू आहेत. दुपारी माझ्या हाताला चावली. तेव्हा म्हटलं, वाचली." त्यांनी पट्टी बांधलेलं बोट दाखवलं. "आणि तुमच्या सुनेने घातलेली शपथ मोडली नाही, हेही लिहून ठेवा कुठेतरी."

फोटोवाल्याने सवयीने कॅमेरा उचलला, आप्पांकडे पाहिलं आणि खाली ठेवला.

"काढ," आप्पा म्हणाले. "दिवा न लावता."

---

रविवारी शेतकरी आले. भिंत रिकामीच होती. गोदामातला विष खाल्लेला एखादा उंदीर नराला मिळू नये म्हणून झरोक्याला जाळी बसवली होती, आणि उंदरांचे पिंजरे नालीकडे ओळीने मांडले होते. काय दाखवणार, असं मंडळाच्या लोकांना वाटत होतं.

आप्पा बोलायला उभे राहिले नाहीत. मुलगा राहिला. त्याने पहिल्यापासून सगळं सांगितलं: पोती, भीती, विष, कोपऱ्यात पडलेली मादी. "एका छपराखाली विष आणि घुबड नांदत नाहीत," तो म्हणाला. "हे मी माझ्या घरात बघितलंय. तुम्ही तुमच्या घरात बघू नका."

मागच्या रांगेतून एक जाड आवाज आला, "म्हणजे उंदीर वाढले तर घुबड एकटं पुरत नाही, हे तुम्ही स्वतःच कबूल करताय?"

"करतो," मुलगा म्हणाला. "नाली बुजवायची, पोती जमिनीपासून उंच ठेवायची, पिंजरे लावायचे. त्यात घुबड. मग पुरतं."

"खरं बोलताय," तो शेतकरी म्हणाला, "म्हणून नेतो एक पेटी."

दुपारपर्यंत अंगण मोकळं झालं. शेवटची पेटी भाऊजींनी उचलून एका बैलगाडीत चढवली, या खेपेला दोघांच्या मदतीने.

पुढच्या आठवड्यात डॉक्टरीणबाईंचा फोन आला, तेव्हा आप्पा आणि मुलगा गोदामात जाळी काढत होते. मादी स्वतःहून खाऊ लागली होती, उडायला धडपडत होती. संध्याकाळी मादी आणि पिल्लांसकट पेटी आपल्या जागी चढली. सूनबाई शिडीवर, नवरा खाली. अंधार पडू लागला तसा नर झरोक्यावर आला, चोचीत तळ्याकाठचा उंदीर. आतून एकदम कल्ला उठला. तो क्षणभर थबकला आणि आत गेला.

परत आला तेव्हा त्याची चोच रिकामी होती.

आप्पांनी चष्मा काढून पुसला आणि भाऊजींच्या पाठीवर अशी थाप मारली, की भाऊजी खोकू लागले.