शालीचा कान

मी चष्म्याच्या दुकानात भिंगं घासतो. म्हणजे घासतं यंत्र. मी शेजारी उभा राहून जबाबदार दिसतो. एक भिंग काढून दुसरं लावेपर्यंत मोबाइलवर एखादं काम उरकतं. फोटो येतो, खाली प्रश्न: यात माणूस आहे का? आहे किंवा नाही दाबायचं. ॲप ताईनंच दिलं. ती बसची वाट बघता बघता करते. "नाहीतरी तू रिकामाच असतोस," म्हणाली. मी ते कौतुक समजलो.

परवा एक फोटो आला. स्वयंपाकघर, खिडकी, खुर्चीवर राखाडी शाल. तेवढ्यात यंत्र थांबलं. घाईत 'नाही' दाबलं. बोट उचलताना शालीला कान दिसला. आणि खुर्ची आमच्या घरातली होती.

मागे जायचं बटण नव्हतं.

संध्याकाळी ताईनं दोनच ताटं वाढली.

"आणि बाबांचं?"

"अगंबाई! डोकं कुठे असतं माझं!"

बाबा खिडकीशी शाल पांघरून बसले होते. ते मुळातच अबोल. नसल्यासारखं असण्याचा त्यांना दांडगा सराव. "राहू दे, सावकाश वाढ," म्हणाले.

दुसऱ्या दिवशी शेजारच्या काकू आल्या आणि सरळ बाबांच्या मांडीवर बसल्या. "खुर्ची काय ऊबदार आहे हो!"

मला हसू फुटलं. बाबा माझ्याकडे बघत होते. हसत नव्हते.

रात्री ताई म्हणाली, "ही खुर्ची देऊन टाकू या का? कुणी बसत नाही."

"अगं, मी बसलोय," बाबा म्हणाले.

ताईनं उठून खिडकी लावली. "वारा किती आवाज करतो."

मग मी तो फोटो परत मिळवायच्या मागे लागलो. पण मुद्दाम बसलं की ॲप म्हणे, सध्या काम नाही. दोन कामांच्या फटीतच ते यायचं. मांजरं आली, जिने आले, बंद दुकानं आली.

आज भिंग बदलताना तो आला. तीच खुर्ची. शाल घडी करून ठेवलेली.

कान दिसला नाही.

तरी मी 'आहे' दाबलं.

'उत्तर तपासायला दुसऱ्याकडे पाठवलं आहे.'

मी ताईला फोन लावला. "ताई, काही दाबू नकोस!"

"दाबलं की. बस आली रे. नुसती खुर्ची तर होती."

घरी दोन ताटं वाढलेली.

"बाबा कुठायत?"

"कोण?" ताईनं विचारलं.

मी खुर्चीवर हात ठेवला. ऊबदार होती.

हाताखाली काहीतरी जरासं सरकलं. मला बसायला जागा करून द्यावी तसं.